'विंगार्ने': जे उरलं आणि जे गेलं

1916 चा स्वीडिश मूकपट 'विंगार्ने', म्हणजे 'पंख', आज महोत्सवांत दाखवतात तो अपुरा आहे. गोष्ट 1904 च्या 'मिकाएल' या डॅनिश कादंबरीतली. कादंबरीतला वयस्क चित्रकार पडद्यावर शिल्पकार झाला. तो, त्याचा तरुण मॉडेल आणि दोघांच्या मध्ये येणारी एक सरदारीण असा हा त्रिकोण आहे. चित्रपटातली गरुड आणि तरुणाची मूर्ती खरी, स्टॉकहोमजवळच्या लिडिंगोच्या एका शिल्पकाराची, आणि चित्रपटाचं नावही तिच्यावरूनच पडलं. ग्रीक देव झ्यूसने गरुडाकरवी पळवून नेलेल्या देखण्या तरुणाची, गॅनिमीडची, कथा ठाऊक असणाऱ्याला तेवढी खूण पुरेशी होती. उघड बोलायची सोय नव्हती, कारण समलिंगी संबंध स्वीडनमध्ये 1944 पर्यंत गुन्हाच होता.

सप्टेंबर 1941 मध्ये स्टॉकहोममधल्या फिल्मसाठ्यात स्फोट झाला आणि जुन्या स्वीडिश मूकपटांच्या निगेटिव्हचा मोठा भाग नष्ट झाला. त्या काळचे चित्रपट ज्या ज्वलनशील नायट्रेट फिल्मवर असत, ती एकदा पेटली की बाहेरून हवा न मिळताही जळत राहते. भोवती महायुद्ध पेटलेलं असताना तटस्थ राहिलेल्या देशाचा हा ठेवा असा स्वतःच्याच गोदामात गेला.

'विंगार्ने' पुन्हा सापडला तो 1987 मध्ये, नॉर्वेत. असे शोध बहुधा परदेशीच लागतात. 1912 मध्ये स्वीडनच्या सेन्सॉरने बंदी घातलेला 'ट्रेडगॉर्ड्समेस्टारेन'ही 1980 च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये मिळाला होता. मात्र नॉर्वेच्या प्रतीत सुरुवात आणि शेवट नव्हता.

खरा वाद इथूनच सुरू होतो. मूळ चित्रपटात शिल्पकाराच्या गोष्टीला आणखी एका गोष्टीची चौकट होती. तिच्यात दिग्दर्शक स्वतःच पडद्यावर येतो, हा चित्रपट कसा जुळून आला ते दाखवतो, आणि भूमिका करणाऱ्यांचं खाजगी आयुष्य कथेत मिसळू लागतं. चित्रपटाने चित्रपटाबद्दल बोलायचं, तेही 1916 मध्ये! नेमकी हीच चौकट हरवली. पुनर्रचना करणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या: मिळालं तेवढंच दाखवायचं, किंवा स्थिरचित्रं आणि मजकुराच्या पाट्या वापरून पोकळी भरायची. त्यांनी दुसरी वाट धरली. आक्षेप असा की प्रसिद्धीची स्थिरचित्रं कॅमेऱ्यासमोर ठरवून उभं राहून काढलेली असतात. त्यांत ना चित्रपटाची लय, ना त्याचा कोन. मग त्या पोकळीत आपण दिग्दर्शकाचं काम बघतो की संपादकाचा अंदाज? आक्षेप खोटा नाही. तरीही भरलेली प्रतच मला योग्य वाटते. चौकटीशिवाय उरतं ते सरळ शोकनाट्य, आणि दिग्दर्शकाचं खरं धाडस प्रेक्षकाला कळतच नाही.

आतली गोष्टच जास्त शाबूत राहिल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. गेल्या काही दशकांत 'पहिला समलैंगिक चित्रपट' ही ओळख 'विंगार्ने'ला चिकटली. समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा बदलावा अशी उघड मागणी करणारा जर्मन चित्रपट 1919 चा, आणि तोही तुटक अवस्थेतच उरला आहे. 1924 मध्ये जर्मनीत याच कादंबरीवर एका डॅनिश दिग्दर्शकाने पुन्हा चित्रपट केला. त्यात नायक परत चित्रकार झाला. तो चित्रपट टिकला, त्यामुळे तुलना होते आणि तिच्यात 'विंगार्ने' फिका ठरवला जातो. पण त्या तुलनेत एका बाजूला अख्खा चित्रपट असतो आणि दुसऱ्या बाजूला सुरुवात-शेवट नसलेला.