सायकलवाले नेमके किती? मोजणीमागची पार्श्वभूमी

सायकलवर कर होता तोवर मोजणी सोपी होती. वर्षाचा कर भरला की नगरपालिका नंबराचा बिल्ला देई, तो सायकलला अडकवलेला असे. जितके बिल्ले तितक्या सायकली. चुकवणारे होतेच, पण अंदाज यायचा. मात्र कर गावागणिक वेगळा, म्हणून पुण्याचा आकडा सांगलीच्या आकड्याशेजारी मांडायची सोय नव्हती. पुढे कर गेला आणि तेवढाही हिशेब संपला.

देशभर एकच माप लागलं ते जनगणनेत. घरात सायकल आहे का, याचं उत्तर 2001 मध्ये 43.7 टक्के घरांनी ‘हो’ असं दिलं, 2011 मध्ये 44.8 टक्के घरांनी. त्याच दहा वर्षांत स्कूटर-मोटारसायकलवाली घरं 11.7 वरून 21 टक्क्यांवर गेली. नंतर 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगाल जवळजवळ 79 टक्क्यांवर दिसला, नागालँड साडेपाचवर. यातला डोंगराचा भाग समजतो. पण बंगालमध्ये 2015 पासून शाळकरी मुलांना सरकारी सायकली मिळतात, हे सोडून तुलना कशी करणार? शिवाय घरात सायकल असणं वेगळं आणि ती रोज रस्त्यावर येणं वेगळं.

रोजच्या वापराचा आधार म्हणून सगळे 2011 च्या ‘कामावर जाण्याचं साधन’ या तक्त्याकडे बोट दाखवतात. सुमारे 20 कोटी ‘इतर कामगारां’पैकी 2.6 कोटी सायकलने जातात, म्हणजे 13 टक्के. सगळा गुंता या ‘इतर’ शब्दात आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यातून वगळलेले आहेत. कॉलेजला सायकलने जाणारी मुलगी कामगारच नाही, त्यामुळे तीही नाही. म्हणजे शेतीप्रधान जिल्ह्यात मोठा हिस्सा बाहेर राहतो, मुंबईत जवळजवळ सगळे आत येतात, आणि तरी दोन्ही टक्केवाऱ्या एकाच नकाशावर रंगवल्या जातात. हे मला मुळीच पटत नाही. त्यातच त्या 20 कोटींत प्रवास न करणारे सहाएक कोटी आहेत. ते वजा केले की 13 चे थेट 19 टक्के होतात. कुठला आकडा छापायचा यावर वाद आहे. मी 19 च्या बाजूचा, कारण जो बाहेरच पडत नाही त्याचं साधन काय मोजायचं?

दुसरी गोची अशी की एका माणसाला एकच साधन, तेही कामावर पोचेपर्यंतचं. लोकलने अंधेरीला उतरून दुपारपर्यंत सायकलला डबे लटकवून फिरणारा डबेवाला रेल्वेच्या रकान्यात जातो. गोव्यात भट्टीशेजारीच राहणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे हँडलवरचा भोंपू वाजवत, मागच्या टोपलीत पाव घेऊन गावभर फिरतो. त्याच्या नावापुढे ‘प्रवास नाही’.

2021 ची जनगणना झालीच नाही. आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन ठरला आहे. तोवर नकाशे 2011 च्याच आकड्यांवर रंगतील, आणि पोदेर त्याच रकान्यात राहील.