रिठा (वस्त्रधुलाई)

(सं. अरिष्ट, अरिष्टक, फेनिल, हिं. रीठा, गु. अरीठा). सॅपिंडेसी कुलातील सॅपिंडस प्रजातीच्या वृक्षांचे फळ. त्याच्या वाळलेल्या सालीपासून घरच्या घरी कपडे धुण्याचे पाणी करतात. दक्षिण भारतातील सॅ. ट्रायफोलिएटस या जातीची फळे बहुधा तीन-तीन जोडून येतात, उत्तरेकडील सॅ. मुकोरोसीची सुटी व गोल असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी 1753 मध्ये रूढ केलेल्या प्रजातीनामाचा उलगडा ‘भारतीय साबण’ असा करतात. मात्र या नावाला आधारभूत असलेली जाती अमेरिका खंडातील आहे, त्यामुळे नावातील ‘इंडस’ म्हणजे भारतच, असे धरणे सुरक्षित नाही.

संस्कृत उल्लेख : मनुस्मृतीत (5.120) वस्त्रशुद्धीची द्रव्ये वस्त्रपरत्वे दिली आहेत : रेशीम व लोकर यांना ऊष म्हणजे खारी माती, कुतपाला (लोकरीच्या घोंगडीला) अरिष्टक, अंशुपट्टाला (तलम वस्त्राला) श्रीफल (बेल) आणि क्षौमाला (जवसाच्या धाग्याच्या वस्त्राला) पांढरी मोहरी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही थोड्या फरकाने हीच विभागणी येते. मनुस्मृतीचा काळ सामान्यतः इ. स. पू. 200 ते इ. स. 200 असा मानतात. अलीकडील अभ्यासकांचा कल या कालखंडाच्या उत्तरार्धाकडे आहे. येथील अरिष्टक म्हणजे रिठाच का, हा प्रश्न उरतो, कारण अमरकोशात अरिष्ट हे नाव एकदा निंबाला (कडुनिंबाला) व एकदा फेनिलाला दिलेले आहे. फेनिल हा शब्दही निर्णायक नाही. तो बोराच्या नावांतही आढळतो. तरीही कडुनिंबाला फेस नाही आणि कुतप ही डोंगरी शेळीच्या लोकरीची घोंगडी असल्याचे टीकाकार सांगतात, हे पाहता रिठा हा अर्थ अधिक जुळतो. मात्र क्षाराने लोकर दुखावत असूनही त्याच श्लोकात इतर लोकरीला क्षारयुक्त माती सांगितली आहे, म्हणून केवळ रसायनशास्त्राच्या आधारे निवाडा करता येत नाही.

क्रिया : सालीत सॅपोनिने (फेस आणणारी नैसर्गिक द्रव्ये) असतात, बियांत ती नगण्य असल्याने बिया काढून टाकतात. सॅपोनिनाच्या रेणूचा एक भाग तेलकट मळाशी, तर दुसरा पाण्याशी जुळतो. ही द्रव्ये आयनरहित (विद्युत्भार नसलेली) असल्याने जड पाण्यातील कॅल्शियमाशी त्यांचा साबणासारखा चिकट साका होत नाही. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. क्षाराने लोकर व रेशमाची प्रथिने दुखावतात, तशी ती या पाण्याने दुखावत नाहीत. शाली व रेशमी वस्त्रांसाठी रिठ्याला पसंती मिळते, ती यामुळेच. फेस कमी दिसला म्हणून साल वाढवू नये. मळ काढण्याची ताकद फेसावरून ठरत नाही.

कृती : 10–12 रिठ्यांची साल लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळून, थंड झाल्यावर कुस्करून गाळतात. सालीत साखरही असल्यामुळे हे पाणी लवकर आंबते. दोन-तीन दिवसांत संपवावे किंवा शीतकपाटात ठेवावे. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर झाक येण्याचा संभव असतो. तेलाचे जुने डाग याने निघत नाहीत; सुती कपड्यांसाठी त्यात धुण्याचा सोडा मिसळता येतो, पण लोकर व रेशमासाठी नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची रीत निरर्थक आहे : दोन्ही एकमेकांना उदासीन करतात आणि बुडबुडे येतात ते कार्बन डाय-ऑक्साइडाचे. हे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. सॅपोनिने माशांना घातक असल्याने धुण्याचे पाणी थेट ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये.

शिकेकाईच्या शेंगा व हिंगणाच्या फळाचा गर यांतही सॅपोनिने असून त्यांचाही धुण्यासाठी उपयोग करतात.