स्लाइड कोरी, म्हणून लूत नाही?

कुत्र्याची त्वचा खरवडली, सूक्ष्मदर्शकाखाली माइट (त्वचेतला सूक्ष्म परजीवी) सापडला नाही, की 'लूत नाही' असं केसपेपरवर लिहून विद्यार्थी मोकळा होतो. वरिष्ठांकडून ऐकत आलेला हा समज निम्माच खरा आहे.

लूत आणणारा डेमोडेक्स हा माइट केसांच्या मुळाशी राहतो. १० नंबरच्या बोथट सर्जिकल ब्लेडला लिक्विड पॅराफिन लावायचं, त्वचा चिमटीत दाबायची आणि केशवाहिन्यांतून रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं. असे तीन-चार नमुने नीट घेतले, तर कोऱ्या स्लाइडवर बऱ्यापैकी विसंबता येतं. शार-पेई जातीच्या कुत्र्याची जाड कातडी आणि सुजलेले पंजे हे अपवाद. तिथे बायोप्सी लागू शकते.

सार्कोप्टिस या माइटमुळे होणाऱ्या लुतीचं, म्हणजे खरजेचं, गणित वेगळं. खाज प्रचंड, माइट मोजकेच, तेही कातडीच्या वरच्या थरात. इथे खोल जाऊन उपयोग नाही, रुंद खरवडावं लागतं: कानाची कड, कोपर, हॉक (मागच्या पायाचा घोटा). कुत्र्याने आधीच ओरबाडून सोललेली जागा टाळा, माइट तिथे उरलेलेच नसतात. एक अंडं किंवा विष्ठेची एक गोळी दिसली तरी निदान पक्कं. दहा स्लाइड कोऱ्या निघाल्या तरी मात्र खरूज नाकारता येत नाही.

कानाची कड दुमडून बोटांनी घासा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवू लागला, तर संशय बळावतो. मग सॅरोलेनरसारखं माइट मारणारं औषध देऊन पाहायचं, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी. कोली जातीत आयव्हरमेक्टिन या औषधाचा प्रयोग नको, मेंदूवर विषबाधा होऊ शकते.

आणि हो, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (स्लाइडखालची प्रकाश एकवटणारी भिंगं) खाली घ्या. लख्ख उजेडात पारदर्शक माइट समोर असूनही दिसत नाही.