फळे-भाज्यांच्या सेवनातील विविधता (कायरोप्रॅक्टिक रुग्णांमधील)

मणके व सांधे यांवर हातांनी उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक पद्धतीच्या रुग्णांच्या आहारात ठरावीक काळात किती प्रकारची फळे व भाज्या येतात, त्याचे माप. एकूण सेवनाहून ते निराळे आहे. रोज पाच केळी खाणाऱ्याचे वजनी प्रमाण भरले, तरी प्रकार एकच राहतो.

या पद्धतीचे जनक डी. डी. पामर. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे त्यांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या कामगारावर पहिला उपचार केला. १८ सप्टेंबर १८९५ हा त्याचा रूढ दिनांक पामर यांच्या नंतरच्या लेखनावर आधारलेला आहे. लिलार्ड यांच्या नावे आधी छापलेल्या निवेदनात मात्र जानेवारीचा उल्लेख येतो. त्यामुळे ‘१८९५–९६ च्या सुमारास’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित होय. पुढे अनुयायांत दोन गट पडले. कट्टर गटाने केवळ मणक्यांच्या समायोजनावर, म्हणजे हातांच्या दाबाने मणके हलवण्यावर, भर दिला. मिश्र गटाने आहारादी उपायही स्वीकारले. आहारविषयक सल्ल्याची परंपरा मुख्यतः दुसऱ्या गटाकडून आली, असे मानणे सयुक्तिक वाटते.

जागतिक आरोग्य संघटना बटाट्यासारखे पिष्टमय कंद वगळून दररोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. विविधतेसाठी असा सर्वमान्य आकडा नाही. मोजणी बहुधा खाद्य-वारंवारता प्रश्नावलीने (दिलेल्या यादीतील कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला, हे विचारणाऱ्या) होते, आणि यादी जितकी लांब तितकी विविधता अधिक दिसते. काही अभ्यासक प्रत्येक जिन्नस वेगळा धरतात, तर काही गडद हिरव्या, लाल-नारिंगी असे गट करतात. गटवार मोजणी अधिक ग्राह्य वाटते, कारण कॅरोटिनॉइडे, अँथोसायनिने, ग्लुकोसिनोलेटे यांसारखी द्रव्ये वनस्पतींत सारखी विखुरलेली नसतात. कोबी आणि फुलकोबी यांना दोन गुण देणारी पद्धत एकाच जातीच्या वनस्पतीला दोनदा मोजते.

रुग्ण प्रामुख्याने कंबर व मान यांच्या दुखण्यासाठी येतात. विविध आहाराने ते दुखणे बरे होते, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय आरोग्याविषयी जागरूक व्यक्ती अशा उपचारांकडे अधिक वळत असल्यास आहारातील फरक उपचाराआधीचाच असू शकतो. तरीही रुग्ण त्याच उपचारकाकडे वारंवार येत असल्याने आहाराची विचारपूस करण्याची संधी मोलाची आहे. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांच्या आहारात पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत. त्यांतील के-जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो.