पाण्याची पाळी कोण ठरवणार?

धरणात पाणी आहे, कालव्याला आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलंय, तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं रान कोरडंच. नाशिक जिल्ह्यात हे नवं नाही. हेडचा, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचा, शेतकरी काही दुष्ट नसतो. बाग सुकत चाललेली, पाणी बांधाशेजारून वाहतंय, म्हणून तो चारीचं (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाचं) दार ठरल्यापेक्षा थोडा जास्त वेळ उघडं ठेवतो. त्याच्या पुढचाही तेच करतो. शेवटच्या शेतापर्यंत पोचते ती नुसती ओल. समाजाला सरकार कशाला लागतं, या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला या चारीत दिसतं.

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये हाच पेच सामाईक कुरणाच्या उदाहरणाने मांडला. एक जनावर वाढवलं की फायदा एकट्याचा आणि चराईचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण वाढवत राहतो आणि कुरण संपतं. असं खरंच घडतं का, हे पुढे एर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगातून तपासलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या चौघांचा गट, प्रत्येकाकडे, रुपयांत सांगायचं तर, वीस रुपये. सामाईक पेटीत जेवढे पडतील त्याच्या 1.6 पट रक्कम चौघांत सारखी वाटायची. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला 32 मिळतात. पण आपण टाकलेल्या एका रुपयातले आपल्या वाट्याला परत येतात फक्त 40 पैसे, त्यामुळे हात आखडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. फेऱ्या वाढत गेल्या तसे पेटीतले पैसे आटत गेले. मग नियम बदलला: स्वतःचे थोडे पैसे खर्च करून कामचुकाराला दंड करण्याची मुभा दिली. दर फेरीला सोबती नवे, म्हणजे दंड करणाऱ्याचा स्वतःचा काहीच लाभ नाही. तरी लोकांनी दंड केला आणि पेटी पुन्हा भरू लागली.

म्हणजे न्यायाची चाड माणसात असतेच. अडचण पुढे आहे. गावात शेजाऱ्याला रोज कोण दंड करणार? त्यातून वैर वाढतं, भाऊबंदकी पेटते. शहाणी गावं हे काम एकाकडे सोपवतात आणि त्याला सगळे मिळून मोबदला देतात.

बागलाणात मोसम नदीवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर काही शतकं चालत आलेली फड पद्धत म्हणजे नेमकं हेच. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात एकच पीक. पाणी सोडायचं पाटकऱ्याने, पिकाची राखण जागल्याने करायची. शेतकऱ्याने स्वतः दाराला हात लावायचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सर्वांनी बसून ठरवायचं. एकाच शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असली की टंचाईही वाटली जाते. मला हे गावपातळीवरचं सरकारच वाटतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा व्यवस्था अभ्यासल्या. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्डिन यांना सामाईक साधनं वाचवण्याचे दोनच मार्ग दिसत होते, खासगी मालकी किंवा वरून नियंत्रण. लोक स्वतःही नियम करून पाळू शकतात, हे ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं. मात्र अशा टिकलेल्या व्यवस्थांच्या काही खुणा त्यांना आढळल्या. राखणदार वापरणाऱ्यांना जबाबदार असतो, पहिल्या चुकीला दंड हलका असतो, आणि लोकांच्या या नियमांना वरचं सरकार मान्यता देतं.

शेवटची खूण किती मोलाची, ते दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर दिसलं. टेलला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपणच गोळा करायची, वाटप आपणच करायचं. पुढे धरणाचं पाणी मिळणाऱ्या सगळ्या क्षेत्रात अशा संस्था झाल्या आणि त्या सगळ्यांची मिळून धरणाच्या पातळीवरची एक संस्था उभी राहिली. 2005 मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. हक्काचं पाणी मापून मिळणार अशी खात्री झाल्यावर शेतकरी त्यावर पीक बेतू शकतो, ठिबकला पैसा घालू शकतो.

पाणी जसं खाली जातं तशी अनोळखी माणसं वाढतात. ओझरचा शेतकरी चारीवरच्या वरच्या शेतकऱ्याला ओळखतो, पैठणच्या नाही. नाशिककडच्या गंगापूर, दारणा या धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला किती पाणी सोडायचं, हा वाद म्हणूनच चावडीवर सुटत नाही. त्यासाठी राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण लागतं, जायकवाडीतला 15 ऑक्टोबरचा साठा आणि त्यासाठी 2014 मध्ये ठरवलेली 65 टक्क्यांची मर्यादा असे लेखी निकष लागतात, प्रसंगी उच्च न्यायालयही. गोदावरी राज्याची हद्द ओलांडते तेव्हा तर लवादच, म्हणजे राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवणारं न्यायपीठच, हवा. 1969 मध्ये नेमलेल्या लवादाचा अंतिम निवाडा 1980 साली आला. नाशिककरांच्या नळाचं पाणीही या उतरंडीतूनच येतं. पिण्यासाठी किती राखायचं आणि शेतीला किती सोडायचं, हे आधी ठरतं, मग आवर्तन सुटतं.

जमिनीखालच्या पाण्याचं मात्र असं काही बसलेलं नाही. चारीचं दार उघडं राहिलं तर सगळ्यांना दिसतं, बोअर किती उपसला ते कुणालाच दिसत नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. पण सिन्नर, चांदवड, येवल्यासारख्या कोरड्या तालुक्यांत रात्री बोअरची गाडी एखाद्या शिवारात शिरली, तर किती खोल गेलात हे विचारणारा तिथे पाटकरी नसतो.