गाईचा ढेकर आणि लवंगेचं तेल

गाईगुरांच्या मिथेनचा विषय निघाला की लोकांचं लक्ष शेपटीकडे जातं. जायला हवं तोंडाकडे. रवंथ करणाऱ्या जनावराचा बहुतेक मिथेन ढेकरावाटे बाहेर पडतो, आणि मोठी दुभती गाय दिवसाला काहीशे लिटर सोडते. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट. शिवाय चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के अशी हवेत विरते, ते नुकसान वेगळंच.

गाईचं कोठीपोट म्हणजे शंभराहून जास्त लिटरचं, प्राणवायू नसलेलं आंबवणीचं पिंप. तिथले जिवाणू आणि प्रोटोझोआ नावाचे एकपेशीय जीव चारा फोडतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबणंच मंदावतं. म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्याची कार्बन डायऑक्साइडशी सांगड घालून मिथेन बनवतात. म्हणजे ज्यांना आपण गुन्हेगार ठरवतो, ते खरं तर सफाई कामगार!

हा मिथेन घटवायला गाईच्या आंबोणात ओवा, लवंग यांसारख्या वनस्पतींची सुगंधी तेलं मिसळून पाहतात. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल ही वनस्पतींची स्वसंरक्षणाची रसायनं. ती स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, त्यामुळे सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलात घुसतात आणि पटल गळकं होतं. काही आर्किया प्रोटोझोआंना चिकटून राहतात. प्रोटोझोआ घटले की त्यांचाही आसरा जातो. उरलेला हायड्रोजन प्रोपिओनेट हे स्निग्धाम्ल बनण्यात खर्ची पडला, तर गाईचं यकृत त्यापासून ग्लुकोज तयार करतं. खरा फायदा तिथे आहे.

पण तेलाला शत्रू-मित्र कळत नाही. प्रयोगशाळेतल्या चंबूत भरपूर तेल ओतलं की मिथेन झपाट्याने घटतो, मात्र अनेकदा तंतूंचं पचनही मंदावतं. चाराच पचला नाही, तर मिथेन येणार कुठून? अशा आकड्यांवर मी तरी भाळत नाही. प्रत्यक्ष गाय उग्र वासाचं आंबोण बाजूला सारते, आणि पोटातले सूक्ष्मजीव काही आठवड्यांत तेलाला सरावूही शकतात. त्यामुळे निष्कर्ष उलटसुलट येतात. धण्याचं तेल, युजेनॉल आणि जेरॅनिल ॲसिटेट यांच्या एका मिश्रणाच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सुमारे १० टक्के घट दिसली, तीही चारेक आठवडे सलग दिल्यावर. आर्कियांच्या मिथेन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरच्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवणारं ३-नायट्रोऑक्सीप्रोपेनॉल हे कृत्रिम रसायन दुभत्या गाईंत साधारण ३० टक्क्यांपर्यंत पोचतं.

आणि ही तेलं रोज आंबोणातूनच द्यावी लागतात. दिवसभर कुरणात चरणारी गुरं गव्हाणीकडे फिरकतच नाहीत.