सुरांतून ‘नाही’ म्हणता येते का?

१९७७ साली ‘नासा’ने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. त्याच तबकडीवर केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. त्यांचे गुरू अल्लादियाँ खाँ हे शाहू महाराजांचे दरबारी गायक असल्याने कोल्हापूरकरांना या तबकडीविषयी जरा अधिकच आपुलकी वाटते. भाषा न जाणणाऱ्याला त्यातील अभिवादन कळणार नाही हे उघड आहे. पण परक्या श्रोत्यापर्यंत गाण्यातले काही पोहोचते का?

परग्रहवासीयांची परीक्षा घेता येत नसली तरी माणसांची घेता येते. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हिंदुस्थानी रागसंगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांतील आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव ओळखता आले. दुःखी माणूस संथ आणि खालच्या स्वरात बोलतो, संतापलेला मोठ्याने व झपाट्याने. आवाजाच्या याच खुणा संगीतातही उतरतात, म्हणून या भावांसाठी वेगळ्या शिक्षणाची फारशी गरज पडत नसावी.

भाव पोहोचला म्हणजे विधान पोहोचले असे मात्र नव्हे. खासबाग मैदानात हलगी कडाडू लागली की कुस्तीचा आवेश अंगात भिनतो, पण ‘आज कुस्ती नाही’ हे हलगीला वाजवून सांगता येत नाही. नकार, काळ, कर्ता-कर्म यांसाठी लागणारी संकेतांची व्यवस्था शब्दांकडे आहे, नादाकडे नाही. (पश्चिम आफ्रिकेतील ‘बोलके’ ढोल निरोप देतात, पण ते तेथील भाषांच्या उच्चारांतील चढउतारांची नक्कल करून, म्हणजे तिथेही काम भाषाच करते.)

तरीही मेंदू या दोहोंना पूर्णपणे वेगळे ठेवत नाही. वाक्यात विसंगत शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ऋण लहर उमटते. स्टीफन कोल्श आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, एखादा संगीताचा तुकडा ऐकवून त्याच्याशी न जुळणारा शब्द दाखवला तरी ही लहर अधिक तीव्र होते, आणि त्यासाठी श्रोता संगीत शिकलेला असावा लागत नाही.

माझ्या मते संगीताचा सर्वांत समृद्ध अर्थ मात्र भाव आणि शब्दांशी जुळणी या दोन्हींपलीकडे, अपेक्षेच्या खेळात आहे. पुढचा स्वर कोणता येईल याचा अंदाज आपण नकळत बांधत असतो. गायक तो लांबवतो, चकवतो आणि अखेर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून पुरा करतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या आवडत्या जोडरागांत हे ठळकपणे दिसते. बसंती केदारात बसंताच्या वाटेने निघालेली स्वरावली केदाराकडे वळते, तेव्हा दोन्ही राग ओळखणारा श्रोता दाद देतो. त्या रागांशी ओळख नसलेल्याला सूर गोड लागतील, पण तिथे एक वळण होते हे त्याला कळणार नाही, कारण ही अपेक्षा मातृभाषेसारखीच वर्षानुवर्षे ऐकून घडते.